एका अक्षराची दुरुस्ती

कुंदे, दहाव्याला तुझा कावळा लगेच शिवला. तुझ्या भावाने पिंड ठेवले, तो चार पावलं मागे सरकला नाही तोच आला, चोच मारली आणि गेला. आम्ही बायका लांब आंब्याखाली उभ्या होतो. सगळ्यांनी हुश्श केलं. तुझी चुलती म्हणाली, सुटली गो पोर, मागं काय ठेवलान नाय. मला मात्र राग आला. मी मनात म्हणत होते, बस ना जरा त्या फांदीवर, अर्धा तास ताटकळव सगळ्यांना, कुणीतरी विचारू दे हिचं काय राहिलंय ते. मग मी पुढे झाले असते. आपलं एवढं भांडण अर्धवट पडलेलं आणि जाताना तुला त्याची आठवणसुद्धा झाली नाही? अडलेलं सगळं माझंच, तुझं काहीच नाही. तू होतीस तेव्हाही तेच आणि आताही तेच.

हे लिहायला मला आपल्या मंचाच्या प्रमुखांनी, सांगलीच्या सरांनी सांगितलं. तुम्ही त्यांच्या सर्वांत जुन्या मैत्रीण, तेव्हा तुम्हीच लिहायला हवं, म्हणाले. मी हो म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणीतरी लिहिलं असतं, आणि त्यात तू समई झाली असतीस, नाहीतर वटवृक्ष. तसे चाळीस-पन्नास संदेश मंचावर आधीच येऊन पडलेत. मी सगळे वाचले. खोटं कशाला बोलू, दोनदा वाचले. एखाद्यात तरी माझं नाव आहे का ते बघत होते. नाही.

मंच म्हणजे काय ते कापडे गावातल्या तुझ्या माणसांना ठाऊक नसेल, आणि तुझी भाची हे त्यांनाही वाचून दाखवणार आहे, म्हणून सांगते. कॉम्प्युटरची एक ओपन सोर्स प्रणाली असते. तिचं आतलं सगळं लिखाण उघडं. कुणीही घ्यावी, कुणीही वापरावी, ज्याला जमेल त्याने सुधारावी. ती कुठल्या कंपनीकडून विकत आणलेली नसते, त्यामुळे बिघडली की कुणावर खेकसता येत नाही. म्हणून वापरणाऱ्यांनीच एक मराठी मदतमंच काढलाय. कुणी आपली अडचण लिहितो, ज्याला येतं तो उत्तर लिहितो. पगार नाही, फी नाही. तुमची कुंदा शाळेतल्या नोकरीवरून घरी आली की भात शिजेपर्यंत मोबाइलमध्ये डोकं घालून बसायची ना, ती हे करायची. लातूरपासून गोंदियापर्यंत लोकांचे अडलेले कॉम्प्युटर ती कापड्यात बसून चालते करायची.

आणि तिला ते मी शिकवलं. हे एक वाक्य मला कुठेतरी लिहून हवं होतं. आता लिहिलं.

आठवतं तुला? पुराच्या वर्षी माझ्या महाडच्या छपाईच्या दुकानात माळ्यापर्यंत पाणी आलं आणि सगळी यंत्रं चिखलात गेली. मग जुनीपानी डबडी गोळा करून, त्यांत ही प्रणाली घालून मी पुन्हा लग्नपत्रिका छापायला लागले होते. तेव्हाच तुमच्या शाळेला कुणीतरी जुने कॉम्प्युटर दान दिले, आत काहीच नसलेले, नुसत्या पेट्या. त्यातली एक पेटी मांडीवर घेऊन तू पोलादपूरहून एसटीने आलीस. पदराने तिच्यावरची धूळ पुसत म्हणालीस, "शैले, ह्यात जीव घालून दे." मी टर्मिनल उघडलं तर दचकलीस. हे काळं पान कशाला उघडलंस गो, सुतकाचं वाटतं, म्हणालीस. मी हसून हसून बेजार. त्या काळ्या पानावर कुठली आज्ञा कशी लिहायची ते मी तुला शिकवलं. मंचावर तुझं खातंही मीच उघडून दिलं. तेव्हा मी तिथे चार वर्षं जुनी होते.

पुढच्या वर्षभरात तू कुठल्या कुठे गेलीस. हुशारीत तू माझ्यापुढे होतीस असं मी आजही म्हणणार नाही. शाळेतसुद्धा गणितात मीच पुढे. पण तुला सांगता यायचं. कुणी विचारलं की आपल्या फायलींची दुसरी प्रत का ठेवायची, तर मी लिहायचे, "बॅकअप घ्या." तू लिहायचीस, आमच्याकडे भाताचं बी खायच्या कणगीत ठेवत नाहीत, वेगळ्या कणगीत ठेवतात, घरात कितीही ओढ लागली तरी तिला हात लावत नाहीत. मग ती वेगळी कणगी कॉम्प्युटरात कुठे आणि कशी करायची ते एकेक पायरीने. लोक खूश. तुला ताई म्हणायला लागले. मला मॅडम म्हणायचे. दोन्ही मानाचेच शब्द, पण ताईची वाट बघतात आणि मॅडमपासून जपून असतात. तीन वर्षांत सरांनी तुला मंचाची व्यवस्थापक केलं. मी तुला फोन करून अभिनंदन केलं आणि फोन ठेवून पत्रिकेच्या एका गठ्ठ्यावर भलताच मुहूर्त छापला.

आता माझं सांगते. मंचावर "कामे" नावाची एक वेगळी खोली आहे. ज्याला पैसे देऊन काम करून घ्यायचंय त्याने तिथे लिहावं, ज्याला पैसे घेऊन करायचंय त्याने तिथे आपलं नाव टाकावं. मदतीच्या खोलीत मात्र धंद्याचं बोलायचं नाही. नियम साधा आणि मी तो वर्षानुवर्षं मोडत होते. कामांच्या खोलीत फिरकतं कोण? शिमगा संपल्यावर पालखी बसते त्या सहाणेवर असतो तेवढाच तिथे शुकशुकाट. गर्दी मदतीच्या खोलीत. म्हणून मी काय करायचे, तर उत्तर लिहायचे पण अर्धं. दुखणं कशाचं आहे ते सांगायचं आणि औषध पुडीत बांधून ठेवायचं. आणि खाली फोन नंबरासकट माझी सही, जी प्रत्येक उत्तराखाली आपोआप उमटते: "शैला, महाड. काम दुरूनही करून मिळेल. फोन करा. समजून द्या."

"समजून द्या" हे आपल्याकडे कोण म्हणत नाही? पूजा झाल्यावर भटजी म्हणतात, गडावर सामान नेऊन टाकणारा हिरकणीवाडीचा माणूस म्हणतो, ढोल वाजवणारा म्हणतो. तोंडाने आकडा काढायचा नाही, पण फुकट नाही हे समोरच्याला कळलं पाहिजे. तसलाच माझा शब्द. लोक फोन करायचे, मी उरलेलं अर्धं करून द्यायचे, ते समजून द्यायचे. माझं दुकान पुरानंतर पुन्हा उभं राहिलं त्यात ह्या शब्दाचा हात मोठा. ह्याची मला तेव्हा लाज वाटत नव्हती.

तू मात्र माझ्या उत्तरांखाली येऊन बसायला लागलीस. हिरकणीवाडीच्या रंजनाचं आठव. तिला खानावळीची पाटी छापायची होती आणि तिच्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं तुटत होती. घरगुती स्वयंपाकातला "स्व" फुटून दोन तुकडे. मी लिहिलं, फॉन्ट जुन्या पद्धतीचा आहे, बदलून घ्यावा लागेल, आणि खाली सही. दुपारी बघते तर तू खाली भला मोठा खुलासा लिहिलेला. फॉन्ट कुठून उतरवायचा, कुठे ठेवायचा, जुना मजकूर नव्यात कसा आणायचा, सगळं. रंजनाने तुझे आभार मानले. माझं उत्तर आधीचं होतं आणि चूक नव्हतं. मे महिन्यात ती तुझ्या घरी करवंदं घेऊन आली, पळसाच्या पानात बांधून. तू त्यातली अर्धी मला आणून दिलीस. मी म्हटलं, मला करवंदांनी घसा धरतो. कुंदे, मला करवंदं किती आवडतात ते तुला बालवाडीपासून ठाऊक होतं, तरी तू ती तशीच परत घेऊन गेलीस.

मग सव. तुझे गुडघे धरले होते म्हणून आपण दोघी सवला गरम पाण्याच्या कुंडावर गेलो होतो. पाय सोडून बसलो होतो. तिथे मी विषय काढला. म्हटलं, माझ्या उत्तरांखाली येणं बंद कर, माझ्या पोटावर येतं. तू जराही चिडली नाहीस. हे तुझं मला कधी सहन झालं नाही. माणसाने भांडताना निदान आवाज तरी चढवावा.

तू म्हणालीस, कामाचे पैसे घे, कोण नको म्हणतंय, पण वेगळ्या खोलीत घे, उत्तरात नको. मग तुझ्या बाबांचं काढलंस. तुझे बाबा हाडं बसवायचे. प्रतापगडाकडच्या गावांतून माणसं झोळीत घालून आणायची त्यांच्याकडे. ते कधी काही मागायचे नाहीत, त्यांचं म्हणणं मागितलं की हाताचा गुण जातो.

"गुणबिण सोड," तू म्हणालीस. "पण बाबा म्हणायचा, कळ येत असलेल्या माणसाशी भाव करू नये. हाड बसू दे, माणूस चालायला लागू दे, मग काय ते बोल."

"चालायला लागलेला माणूस परत येतो का?"

"नाय येत कधी कधी."

"मग?"

"मग नाय."

एवढं सरळ उत्तर. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तुझ्या बाबाचा गुण गेला नाही, पण तू सातवीपर्यंत शाळेत अनवाणी आलीस."

तू पाण्यातून पाय काढलेस. पदराने पुसलेस, एकेक बोट. मग म्हणालीस, चल, गाडी चुकंल. परतीच्या वाटेवर तू मला शाळेतल्या नव्या हेडमास्तरांच्या गमती सांगत राहिलीस. मी हं हं करत राहिले. माफी मागायचं माझ्या मनात होतं. पण मला वाटलं, ही आता मोठेपणाने माफ करील आणि तेही मलाच ऐकून घ्यावं लागेल. म्हणून नाही मागितली.

त्यानंतर गणपती झाले आणि एका सकाळी मी दुकान उघडून मंच बघते तर माझ्या सहीत बदल. माझ्या प्रत्येक उत्तराखाली, आजवरच्या शेकडो उत्तरांखाली, "समजून द्या"च्या जागी "समजून घ्या". आधी वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. पडदा पुसून बघितला. "घ्या"च. फोन नंबरही गेलेला. व्यवस्थापकाला कुणाचीही सही बदलता येते हे मला माहीत होतं, आणि व्यवस्थापक कोण तेही माहीत होतं. मी शाळेत फोन लावला.

"अगो, मला वाटलं टायपिंगची चूक हाय," तू म्हणालीस. "उत्तर दिल्यावर समजून घ्या असंच म्हणतात ना?"

कुंदे, तुला "समजून द्या" माहीत नाही? हाडवैद्याच्या मुलीला? कापड्यातल्या शेंबड्या पोराला विचार, तो अर्थ सांगेल. म्हणजे तू एकतर माझी थट्टा करत होतीस, नाहीतर मला चारचौघांत माझी जागा दाखवत होतीस. मी म्हटलं, माझं दुकान बंद पाडायचंय का तुला? तू म्हणालीस, नाय गो. मागे घंटा वाजत होती. मी फोन आपटला.

तू विचारशील, मग परत बदलायचं होतंस, सही तुझीच होती. तेच तर करता आलं नाही. चूक म्हणून कुणी सुधारलेलं आपण पुन्हा तसंच लिहिलं की ती चूक राहत नाही. मला तोच शब्द लिहायचा होता हे सगळ्यांना कळलं असतं. मी गप्प बसले, आणि मग खरी गंमत झाली. लोकांना ते "समजून घ्या" भयंकर आवडलं. शैला मॅडम किती नम्रपणे शेवट करतात, असं कुणीतरी लिहिलं. हळूहळू बाकीचेही उत्तराच्या शेवटी "समजून घ्या" लिहायला लागले. आणि एकाने, तो गोंदियाचा मुलगा, त्याने लिहिलं की ही आपल्या मंचावरची रीत कुंदाताईंमुळे पडली. माझा शब्द, माझी चूक, चूकही नव्हती ती, आणि नाव तुझं. त्या दिवशी मी जेवले नाही.

आठ महिने मी तुझ्याशी बोलले नाही. फोन येणं कमी झालं, तसं दुकानात दुसरं काम धरलं, शेतकऱ्यांचे अर्ज भरून देण्याचं. तू दोनदा येऊन गेलीस, मी माळ्यावर कामात आहे म्हणून दुकानातल्या पोरीकडून निरोप दिला. माळ्याच्या फळ्यांमधून तुझी चप्पल दिसत होती. तू बराच वेळ उभी होतीस.

मग तुझ्या दुखण्याचं कळलं आणि मी कापड्याला आले. लग्नसराई होती, दुकानात गर्दी होती, तरी आले, हे तेव्हा मला फार वाटत होतं. तू पडवीत निजली होतीस. एवढीशी झाली होतीस. माझ्या हातात तुझा हात होता आणि मी काय बघत होते ठाऊक आहे? उशाशी तुझा मोबाइल होता आणि त्यावर मंच उघडा होता. म्हणजे ह्या अवस्थेतही ताईंची उत्तरं चालू. मला तिथेही चावलं.

तू म्हणालीस, "मंच तू बघ आता."

मी म्हटलं, "मी कशाला? तुझे भक्त आहेत की पुष्कळ."

तू हसलीस. खोकला येईपर्यंत हसलीस. मी पाणी पाजलं. जरा वेळाने तू डोळे मिटूनच विचारलंस, "रागावलेली हायस अजून?"

"कशाबद्दल?" मी म्हटलं.

तू डोळे उघडून माझ्याकडे बघितलंस. आता सांगशील असं वाटलं.

"कशाबद्दल नाय," तू म्हणालीस, आणि तुझ्या वहिनीला मला चहा द्यायला सांगितलंस. मी चहा प्याले आणि चारच्या गाडीने आले.

दहाव्यानंतर दोन दिवसांनी सरांचा फोन. तुझी शेवटची इच्छा होती म्हणे, व्यवस्थापकाची किल्ली शैलाला द्यावी. किल्ली म्हणजे एक परवलीचा शब्द, तेवढा टाकला की मंचाचं मागलं दार उघडतं. मी पहिलं काम काय केलं असेल? तुझ्या नावाने श्रद्धांजलीचं पान केलं नाही. मी दुरुस्त्यांची वही उघडली. मंचावर कुणी काहीही बदललं तर त्याची नोंद तिथे राहते. डावीकडे जुनं, उजवीकडे नवं, आणि खाली एक चौकोन, "कारण". तो रिकामा सोडता येत नाही. कारण लिहिल्याशिवाय बदल जतन होत नाही. मला तुझं कारण बघायचं होतं. तू माझी थट्टा केलीस की मला शिकवायला गेलीस, तेवढं एकदा पांढऱ्यावर काळं बघून मी तुझ्यावर मरेपर्यंत रागवायला मोकळी.

गणपतीनंतरची ती तारीख सापडली. डावीकडे "समजून द्या", उजवीकडे "समजून घ्या". खाली कारण: टंकनदोष.

आणि त्या नोंदीला एक तक्रार जोडलेली. आदल्या संध्याकाळची. सांगलीच्या सरांनी आणि आणखी दोघांनी केलेली. सदस्य शैला, महाड, या मदतीच्या खोलीत मुद्दाम अपुरी उत्तरं देतात आणि अडलेल्या माणसाकडून पैसे घेतात. पुराव्यादाखल उत्तरांची यादी. सदस्यत्व कायमचं रद्द करावं, व्यवस्थापकांची हरकत नसल्यास गुरुवारी तसं जाहीर करू. यादी बरोबर होती. मी पुन्हा पुन्हा तपासली, एकही उत्तर चुकीने आलेलं नव्हतं.

त्याखाली तुझं. "शैला माझ्या बाकावरची आहे. तिला मी बालपणापासून ओळखते. तिला 'समजून घ्या' असं लिहायचं होतं, टंकनात चूक झाली. मी दुरुस्त केली आहे. तिची जी उत्तरं अपुरी वाटतात ती पूर्ण करायचं आमचं आपसांत ठरलेलं आहे, ती आरंभ करते आणि मी पुढचं लिहिते. विषय बंद करावा." खाली सरांचं एका शब्दाचं उत्तर. "ठीक."

मी दुकानाचं अर्धं शटर ओढून घेतलं.

तू खोटं बोललीस. सरपंचाच्या पुतण्याची जन्मतारीख दाखल्यावर एका दिवसाने पुढे सरकवायला तू नाही म्हणाली होतीस, तुझी बदली करायला निघाले होते लोक, तरी नाही म्हणाली होतीस. त्या हाताने तू लेखी खोटं लिहिलंस, तेही माझ्यासाठी, आणि त्यात मला तुझी जोडीदारीण केलंस. आणि मला सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी तुझ्या उपकाराखाली आले असते आणि ते मला झेपलं नसतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तू माझं हाड बसवलंस आणि मी चालायला लागेपर्यंत थांबलीस. दोनदा दुकानात आलीस, ते मी चालते का ते बघायला आली असशील. मी चालायला लागले, कुंदे. परत आले नाही. मग नाय.

मला तुझा हेवा वाटायचा हे तुला ठाऊक होतं ना? उत्तरांचा वाटायचा, ताईपणाचा वाटायचा, तुझ्या त्या न चढणाऱ्या आवाजाचा वाटायचा. आता सगळ्यांत जास्त ह्या एका नोंदीचा वाटतो. तुझ्या नावावर माझ्यासाठी बोललेलं एक खोटं आहे. माझ्या नावावर तुझ्यासाठी काय आहे? दुरुस्त्यांची अख्खी वही मी चाळली. तुझ्या एका उत्तरात मी एकदा ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेलं सापडलं. कारणाच्या चौकोनात मी लिहिलं होतं, "निष्काळजीपणा."

परवा सकाळी मी तीन कामं केली. कामांच्या खोलीत माझं नाव टाकलं, फोन नंबरासकट, तुला हवं होतं तसं. मग माझी जुनी अपुरी उत्तरं पूर्ण करायला बसले. बहुतेकांखाली तू आधीच येऊन गेलेली आहेस. काही थोडी तुझ्या नजरेतून सुटलेली सापडली तेव्हा मला इतका आनंद झाला की सांगू नये. तिथे मी तुझ्यासारखं लिहायचा प्रयत्न केला, एकेक पायरीने. जमत नाही. कणगीच्या जागी मला दुसरं काही सुचत नाही.

तिसरं काम सहीचं. मी ती बंद केलेली तक्रार पुन्हा उघडली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि माझ्या सहीत "समजून घ्या"चं पुन्हा "समजून द्या" केलं. तुझ्या माथी माझं खोटं राहायला नको. तू तरी कशाला जास्तीचं पुण्य घेऊन जातेस? खाली कारणाचा चौकोन आला, आणि त्यात मी लिहिलं, "टंकनदोष नव्हता. मला पैसेच हवे होते. कुंदाला ते ठाऊक होतं." आणि सरांना कळवलं, आता मला काढायचं असेल तर काढा, हरकत घेणारी राहिली नाही.

दोन दिवस झाले. सरांनी "वाचलं" एवढंच लिहिलंय. बाकी कुणी काही बोलत नाही, सगळे सुतक पाळतायत. मी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मंच उघडते आणि माझी सही बघते. "द्या" तसंच आहे. कुणीतरी येईल, चूक समजून ते एक अक्षर बदलून जाईल, म्हणून मी बघत बसते. कुणी येत नाही गो.